मिठाचा मुक्काम

जपानच्या आइची प्रांतातल्या टोयोटा शहराच्या स्टेशनासमोरून आसुकेला जाणारी बस पकडली की पहिली पंधरा मिनिटं खिडकीबाहेर बघण्यासारखं फारसं काही नसतं. रुंद रस्ते, गाड्यांच्या शोरूम, सुट्या भागांच्या कारखान्यांच्या लांबलचक भिंती. मग डोंगर जवळ सरकायला लागतात. रस्ता नदीच्या कलाने वळू लागतो, भातखाचरं अरुंद होत जातात आणि दोन्ही अंगांना सुगी या जपानी सूचिपर्णी वृक्षाची सरळसोट, काळपट झाडं दाटतात. पाऊण तासाने बस एका चिंचोळ्या खोऱ्यात शिरते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये एका रस्त्यापुरती जागा. त्या जागेत काळ्या फळ्यांची आणि पांढऱ्या भिंतींची जुनी घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

हे आसुके. आज ते टोयोटा शहराचा भाग आहे. ३१ मार्च २००५ पर्यंत ते स्वतंत्र गाव होतं, स्वतःचं नगराध्यक्षाचं कार्यालय असलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्यालय शहराची शाखा झालं.

मी मूळची जुन्नरची. पुण्यात जपानी शिकले आणि गेली काही वर्षं इथे एका कारखान्यात भाषांतराचं काम करते. आसुकेशी माझी पहिली गाठ कागदावर पडली. जमिनीच्या एका व्यवहाराची जुनी-नवी कागदपत्रं भाषांतराला आली होती. २००५ च्या आधीच्या कागदावर ‘आसुके-चो’ होतं आणि नंतरच्या कागदावरही ‘आसुके-चो’च होतं. चिन्हं तीच तीन. मी दोन्हीकडे एकच शब्द वापरला. तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बोलावून घेतलं आणि शांतपणे समजावलं, की पहिल्या कागदातला ‘चो’ म्हणजे गाव, ज्याला हद्द असते, सभा असते, तिजोरी असते. दुसऱ्या कागदातला ‘चो’ म्हणजे शहरातली एक पेठ. जपानीत दोन्हींना एकच चिन्ह आहे. अक्षर जागच्या जागी राहिलं आणि त्याच्या आतलं गाव निघून गेलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्याच रविवारी मी त्या बसमध्ये बसले. तेव्हापासून किती वेळा गेले, मोजलेलं नाही.

आसुके हे नाव दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ पाय, दुसऱ्याचा अर्थ मदत. जपानमध्ये गावांच्या नावांना आवाजावरून चिन्हं बसवण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे अशा अर्थावर फार भार टाकू नये हे मला ठाऊक आहे. पण इथल्या लोकांनी तो भार आनंदाने उचलला आहे. गावाच्या तोंडाशी हाचिमान या शिंतो देवाचं जुनं देऊळ आहे, त्याचा सध्याचा गाभारा १४६६ सालचा. हा देव पायांचा आणि प्रवासाचा मानला जातो. गुडघे दुखणारे येतात, लांब पल्ल्याचे धावपटू येतात. गावाचा इतिहास कळला की हा नवस फार शहाणपणाचा वाटायला लागतो, कारण हे गाव शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या पायांवर जगलं. माणसांच्या पायांवर आणि त्याहून जास्त घोड्यांच्या.

जपानचा मधला भाग म्हणजे नुसते डोंगर. शिन्शू, म्हणजे आजचा नागानो प्रांत, चारही बाजूंनी समुद्रापासून तुटलेला आहे. तिथे तांदूळ पिकतो, लाकूड आहे, पाणी आहे, पण मीठ नाही. जपानमध्ये मीठ जवळजवळ सगळं समुद्रातूनच येतं, कारण मिठाच्या खाणी या देशात नाहीत. आणि ज्या मुलखात हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर, मिसोवर, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या खारट लगद्यावर, आणि खारवलेल्या मासळीवर दिवस काढायचे, तिथे मीठ ही चवीची बाब राहत नाही. मीठ पोचलं नाही तर हिवाळा पार पडत नाही.

म्हणून समुद्रावरून डोंगरात जाणाऱ्या मिठाच्या वाटा तयार झाल्या. त्यांतली एक आसुकेवरून गेली. मिकावा या जुन्या प्रांताच्या किनाऱ्यावर, किराच्या परिसरात मिठागरं होती. तिथलं मीठ, आणि पश्चिमेकडच्या आतल्या समुद्रावरून गलबतांनी आलेलंही, याहागी नदीतून होड्यांनी वर यायचं. याहागीला मिळणारी तोमोए नदी आहे. तिच्यातूनही होड्या चढायच्या, जिथवर पाणी नेईल तिथवर. पुढे दगड आणि खळाळ. तिथे मीठ काठावर उतरवायचं, घोड्यांवर लादायचं आणि आसुकेत आणायचं. सपाट मुलूख इथे संपतो. इथून पुढे शिन्शूतल्या ईदा गावापर्यंत घाट आणि खिंडीच.

आसुकेत मिठाच्या अडत्यांच्या पेढ्या होत्या. तिथे जे व्हायचं ते मला या गावाच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. किनाऱ्यावरून येणारं मीठ एकसारखं नसायचं. एका मिठागराचं जाड, दुसऱ्याचं बारीक, कुठलं ओलसर, कुठलं कोरडं. पेंढ्याच्या गोण्यांचे आकारही ज्याचे त्याचे. घोड्याच्या पाठीवर एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलकी गोणी आली तर डोंगरातल्या वाटेवर जनावर जायबंदी होणार. तेव्हा आसुकेत सगळं मीठ ओतायचे, मिसळायचे आणि सात कान वजनाच्या सारख्या गोण्यांत पुन्हा भरायचे. सात कान म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वीस किलोच्या आसपास. या कामाला शब्द होता शिओफुमी, म्हणजे मीठ तुडवणं. इथून निघालेल्या मिठाला शिन्शूत ‘आसुके-जिओ’, आसुकेचं मीठ, असंच म्हणत.

समुद्र इथून कितीतरी लांब. गावात मिठाचा एक खडाही तयार होत नव्हता. तरी मिठाला नाव या गावाचं. का, तर शेवटचा हात या गावाचा होता. वजन खरं आहे, माल एकसारखा आहे, याची हमी या गावाची होती. मी ज्या धंद्यात काम करते तिथे रोज हेच शब्द माझ्या भाषांतरात येतात, वजन, सारखेपणा, हमी. गाड्यांचं नाव असलेल्या या शहराच्या हद्दीत, गाड्यांच्या कितीतरी आधी, मिठाच्या गोण्यांवर हे काम होत होतं.

मीठ पुढे नेणारे होते शिन्शूचे शेतकरी. त्यांना चूमा म्हणत, त्यांच्या घोड्यांनाही चूमाच म्हणत आणि त्यांच्यावरून या वाटेलाही चूमा-काइदो नाव पडलं. एक माणूस तीन-चार घोडे हाकत निघायचा. येताना तंबाखू, भांगेच्या रोपाचा धागा असा डोंगरातला माल, जाताना मीठ. सरकारी मोठ्या रस्त्यांवर दर मुक्कामाला माल उतरवून तिथल्या घोड्यांवर चढवायचा नियम होता. प्रत्येक ठिकाणी हमाली, प्रत्येक ठिकाणी दस्तुरी. चूमांनी हे टाळलं. घरून निघालेला घोडा थेट मुक्कामी पोचवायचा, मध्ये माल हलवायचा नाही. माल कमी फुटायचा, कमी चोरीला जायचा, भाडंही कमी पडायचं. अर्थातच मुक्कामाच्या ठाण्यांची मिळकत बुडाली, त्यांनी तक्रारी केल्या आणि भांडणं वर्षानुवर्षं चालली. शेवटी १७६४ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, शोगुन सरकारने निवाडा दिला आणि शिन्शूतल्या ६७८ गावांच्या १८ हजारांवर घोड्यांना हा धंदा करायची रीतसर मुभा मिळाली. शेतकऱ्यांनी शेतीच्या फटींत सुरू केलेला जोडधंदा होता तो. सरकारला त्यापुढे वाकावं लागलं.

मी जुन्नरची असल्यामुळे हे वाचताना नाणेघाट आठवला नसता तरच नवल. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं हे लहानपणापासून कानावर होतं आणि जकातीच्या त्या दगडी रांजणाला हात लावून आम्ही मोठे झालो. मीठ कुठेही असो, ते डोंगर असंच चढलं, जनावराच्या पाठीवर आणि माणसाच्या चालीने. एवढं ओळखीचं काही सापडल्यावर परकेपणा जरा उतरतो.

शिन्शूच्या आत एक गाव आहे, शिओजिरी. नावाचा अर्थ मिठाचा शेवट. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या, दोन्ही समुद्रांवरून निघालेलं मीठ तिथे येऊन संपायचं म्हणून ते नाव पडलं, असं लोक सांगतात. हे व्युत्पत्तीच्या कसोटीला उतरेलच असं नाही, पण मला हे उत्तर आवडतं. ज्या लोकांना मीठ येताना मोजावं लागलं, त्यांनी ते कुठे संपतं हेही लक्षात ठेवलं.

१७७५ मध्ये आसुके जळलं. एका आगीत जवळजवळ सगळं गाव गेलं. घरं लाकडाची, छपरं गवताची किंवा फळ्यांची, आणि खोरं इतकं अरुंद की आग एकदा लागली की तिला थांबायला मोकळी जागाच नाही. नव्याने उभारताना मग लोकांनी घरांच्या भिंती, खिडक्यांच्या कडा, वळचणीखालचं लाकूडसुद्धा मातीने आणि चुन्याने जाड लिंपून टाकलं. आज पर्यटक ज्या पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात, त्या आगीच्या भीतीतून आलेल्या आहेत. मान्रिन-कोजी नावाची एक गल्ली आहे, मुख्य रस्त्यावरून वर चढत जाणारी, एका बाजूला पांढरा चुना आणि खाली काळ्या फळ्या. ती इतकी देखणी आहे की तिच्यात उभं राहून जळलेल्या गावाची आठवण येणं अवघडच. मागच्या बाजूला, आसुके नदीच्या काठावर गेलं की गावाची दुसरी बाजू दिसते. नदीलगतच्या घरांनी दगडी बांध रचून त्यावर स्वतःला तोलून धरलं आहे. जागा नव्हतीच, ती दगड रचून करून घेतली.

या श्रीमंतीची एक कडू बाजूही आहे आणि ती वगळून आसुकेचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. १८३६ साली पीक बुडालं. तेम्पो कालखंडातला तो मोठा दुष्काळ. तांदळाचे भाव चढले आणि डोंगरातल्या गावांतले लोक, ज्यांची जमीन थोडी आणि धान्य विकत घ्यावं लागणारं, उपाशी पडू लागले. शरद ऋतूत कामो परगण्यातली दोनशेहून जास्त गावं उठली, दहा हजारांवर माणसं. तांदूळ स्वस्त करा, दारूचे भाव उतरवा, भिशीचे हप्ते काही काळ थांबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हो, भिशी. तिथे तिला तानोमोशी-को म्हणत. गावागावांत चालणारा अडीअडचणीचा तो आधार दुष्काळात फास झाला होता. जमाव तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या आणि दारू गाळणाऱ्यांच्या घरांवर चालून गेला. आसुकेतल्या पेढ्या फुटल्या. ज्या लिंपलेल्या भिंतींनी आग अडवली असती, त्यांना माणसं अडवता आली नाहीत. शेवटी कोरोमोच्या जहागिरीच्या हद्दीत बंदुका चालल्या आणि जमाव पांगला. तात्सुझो नावाचा पुढारी तुरुंगात मेला.

कोरोमो हे नाव लक्षात असू द्या. ते पुन्हा येणार आहे.

मिठाची वाट काही एका दिवसात बंद पडली नाही. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मेइजी सम्राटाच्या काळात ती सुधारलीच. १८९७ मध्ये इसेगामी खिंडीच्या पोटातून दगडी बोगदा काढला, तीनशे मीटरच्या आसपास लांबीचा, आणि घोड्यांचा चढ वाचला. त्या खिंडीवरून लांब इसेच्या महामंदिराच्या दिशेला हात जोडत, म्हणून तिचं नाव इसेगामी. बोगदा अजून आहे. उन्हाळ्यातही आत गार ओल असते. मी एकदाच त्यातून चालत गेले. पलीकडच्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसत होता आणि वरून थेंब पडत होते. घोड्यांच्या टापा इथे कशा घुमत असतील, हा एकच विचार मनात होता.

पण त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९०५ मध्ये सरकारने मिठाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. मिठाचा बाजार अडत्यांच्या हातून गेला. १९११ मध्ये मध्य जपानमधून जाणारा चूओ लोहमार्ग पूर्ण झाला आणि शिन्शूचं मीठ डब्यांत बसून जाऊ लागलं. घोड्याच्या पाठीला सोसेल एवढी गोणी भरायची गरजच संपली.

आगगाडी आसुकेलाही येणार होती. मिकावा लोहमार्गाचे रूळ १९२८ मध्ये निशी-नाकागानेपर्यंत आले, आसुकेच्या अलीकडे काही किलोमीटरवर. पुढची जमीनही घेतली गेली होती. आसुकेत वाट पाहत होते. वाट तीस वर्षं पाहिली. १९५८ मध्ये पुढचा मार्ग रीतसर सोडून दिला गेला आणि २००४ मध्ये निशी-नाकागानेपर्यंतची गाडीसुद्धा बंद झाली. त्या स्टेशनाची छोटी इमारत अजून उभी आहे. मी तिथे गेले तेव्हा रुळांच्या जागी गवत होतं आणि फलाटाची कड तेवढी नीट दिसत होती. डबे कुठे थांबत असतील ते कळत होतं.

एका अर्थी रेल्वे न आली म्हणूनच आसुके वाचलं, असं म्हणायची पद्धत आहे. स्टेशन आलं असतं तर जुना रस्ता रुंद झाला असता, पेढ्यांच्या जागी काँक्रीट आलं असतं. हे खरं असेलही. पण मला हे वाक्य तोंडातून काढवत नाही. ज्यांनी तीस वर्षं वाट पाहिली आणि मग मुलांना कामासाठी खाली शहराकडे जाताना पाहिलं, त्यांना ‘बरं झालं’ म्हणण्याचा हक्क बाहेरच्याला नाही.

मॅपलबद्दल थोडक्यात सांगते, कारण आसुके म्हटलं की जपानी माणसाला आधी तेच आठवतं. तोमोए नदीकाठचं कोरान्केई, तांबडा पूल, नोव्हेंबरात पेटलेला डोंगर. कोजाकुजी मंदिराचे अकरावे प्रमुख सान्एई यांनी १६३४ च्या सुमारास पहिली झाडं लावली. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा एकेक पाठ म्हणत एकेक रोप, असं सांगतात. पुढे विसाव्या शतकात गावकऱ्यांनी अंगमेहनतीने ती रांग वाढवली आणि १९३० मध्ये या जागेला कोरान्केई हे नाव मिळालं. आज तिथे चार हजारांच्या आसपास झाडं आहेत. नोव्हेंबरातल्या रविवारी गाड्यांची रांग किलोमीटरच्या किलोमीटर लागते, म्हणून मी नोव्हेंबरात जात नाही. मार्चच्या शेवटी जाते. तेव्हा त्याच डोंगराच्या उतारावर काताकुरीची फिकी जांभळी फुलं येतात, माना खाली घातलेली. फूल यायला त्या रोपाला सात-आठ वर्षं लागतात आणि फुलणं संपतं पंधरवड्यात.

गावाने स्वतःसाठी जे केलं ते मला झाडांहून मोठं वाटतं. १९७० च्या दशकात जपानमध्ये जुनं पाडून नवं बांधण्याची लाट होती. आसुके तर मोटारींच्या शहराला खेटून, तरुण सगळे कारखान्यांत. अशा वेळी १९७५ मध्ये इथल्या लोकांनी आपली घरांची रांग सांभाळण्यासाठी मंडळ काढलं. सरकारी मोहोर उठायला मध्ये छत्तीस वर्षं गेली. राष्ट्रीय महत्त्वाचं जतन-क्षेत्र म्हणून आसुकेची निवड झाली २०११ मध्ये, आइची प्रांतात पहिल्यांदाच. तोवर गाव स्वतंत्र राहिलेलं नव्हतं.

१९८० मध्ये त्यांनी नदीकाठी एक वाडा उघडला, सान्शू आसुके याशिकी. नाव संग्रहालयाचं, पण काचेच्या कपाटात ठेवलेलं तिथे फार थोडं. कोळसा भाजणारा, लोहार, कागद काढणारी, नीळ रंगवणारी, टोपल्या विणणारा, पेंढ्याच्या वहाणा वळणारा, असे कारागीर तिथे बसून काम करतात आणि ते काम विकलं जातं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या हातात जे कसब होतं आणि ज्याला बाजारात कोणी विचारत नव्हतं, त्याला पगार मिळाला. मी एकदा पेंढा वळणाऱ्या आजोबांजवळ तासभर बसले होते. ते दोरी वळताना तळव्यांना थुंकी लावत नव्हते, पाणी लावत होते, आणि बोलताना नजर दोरीवरून हलत नव्हती. मी भारतातली आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे भाताच्या पेंढ्याचं काय करता?” मी म्हटलं, गुरांना घालतो. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “तेही बरोबर आहे.”

१९९० मध्ये पुढचं पाऊल. ह्याकुनेन्सो, म्हणजे शंभर वर्षांचं गवत, या नावाची वास्तू त्यांनी बांधली. वृद्धांचं दिवसा सांभाळकेंद्र आणि पाहुण्यांचं हॉटेल एकाच छपराखाली. तिथे हॅम आणि सॉसेज करण्याचा कारखाना आहे, नाव जीजी-कोबो. जीजी म्हणजे आजोबा. आजोबांनी हॅम करायचं. शेजारी बेकरी, तिथे आज्यांनी पाव भाजायचे. दोन्ही पदार्थ जपानी डोंगरातले नव्हेत, पण त्यांनी पारंपरिकतेची फिकीर केली नाही. म्हाताऱ्या माणसाला काम हवं, कामाला गिऱ्हाईक हवं. पाचशे लोकांच्या कंपनीत एखाद्याला मनुष्यबळाचं धोरण आखायला लावा, याहून चांगलं सुचणार नाही.

आणि मग २००५. सरकारला कमी आणि मोठ्या नगरपालिका हव्या होत्या. खेड्यांत माणसं कमी, खर्च जास्त. १९९९ मध्ये जपानमध्ये ३२३२ नगरपालिका होत्या, २०१० मध्ये १७२७ उरल्या. अकरा वर्षांत दीड हजार गावांनी आपापल्या पाट्या उतरवल्या. १ एप्रिल २००५ ला आसुके, फुजिओका, ओबारा, शिमोयामा, आसाही आणि इनाबु ही सहा गावं टोयोटा शहरात मिळाली. शहराचं क्षेत्र ९१८ चौरस किलोमीटर झालं, आइची प्रांताचा जवळजवळ सहावा हिस्सा. त्यांपैकी १९३ चौरस किलोमीटर आसुके. मोटारींचं हे शहर तेव्हापासून बहुतांश जंगलाचं शहर आहे.

लोक मला सांगतात की हे लग्न एका दिवसात ठरलं नाही. त्याचा एक धागा पाण्याचा होता. याहागीचं पाणी वरच्या डोंगरांतून येतं आणि खाली कारखान्यांत, घरांत, भातखाचरांत जातं. वरची झाडं नीट विरळली नाहीत, जंगल अंधारलं, माती सुटली, तर खालचं पाणी गढूळतं. १९९४ पासून टोयोटा शहरात पाण्याच्या प्रत्येक हजार लिटरमागे एक येन वेगळा काढून ठेवतात, वरची जंगलं राखण्यासाठी. तेव्हा ती जंगलं शहराच्या हद्दीत नव्हती. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या पाण्याच्या बिलाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. माझे महिन्याचे काही येन सुगीच्या झाडांच्या मुळाशी जात होते. पूर्वी खालून वर मीठ जायचं, आता वरून खाली पाणी येतं आणि खालून वर तो एकेक येन.

तरीही गावाचं गेलं ते गेलंच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, आसुकेच्या जुन्या कार्यालयात नोकरी केलेल्या, मला सांगितलं की पूर्वी एखाद्या आजींच्या घराची वळचण गळायला लागली तर ती बातमी संध्याकाळपर्यंत नगराध्यक्षांच्या कानावर असायची. आता अर्ज करायचा, तो शहरात जातो, उत्तर येतं. ते उत्तर वाईट असतं असं नाही, म्हणाले. चांगलंच असतं. फक्त त्याला आजींचं नाव माहीत नसतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये या रस्त्यावरची घरं आपल्या दर्शनी खोलीचं दार उघडं ठेवतात आणि आत बाहुल्यांचा उत्सव मांडतात. राजाराणी, दरबारी, वादक. रेशमी बाहुल्यांच्या शेजारी मातीच्या जाडजूड, रंगवलेल्या बाहुल्याही असतात, ज्यांना रेशीम परवडत नसे त्यांच्या. मला मातीच्या जास्त आवडतात. यंदा अशाच एका घरात मी थबकले, तर आतून एका आजींनी हाक मारली, वर या म्हणाल्या. चहा दिला. भाजलेल्या भाताच्या चपट्या गोळ्यावर अक्रोडाचा मिसो लावून लाकडी पट्टीवर शेकलेलं गोहेइमोची दिलं. मी एका मातीच्या बाहुलीचं नाक पुसट झालंय असं म्हटलं, तर म्हणाल्या, “माझ्या आईच्याही आधीची आहे. आम्ही सगळ्यांनी लहानपणी तिच्या नाकाला हात लावलेला आहे.”

परतीच्या बसला मी निघाले तेव्हा त्याही थांब्यावर आल्या. मी विचारलं, कुठे निघालात? आम्ही दोघी टोयोटा शहरातच उभ्या होतो, टोयोटा शहराच्या पाटीखाली, आणि बस टोयोटा स्टेशनला जाणार होती.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. टोयोटा हेही या शहराचं जुनं नाव नाही. ते १९५९ मध्ये बदलून घेतलं. त्याआधी शहराचं नाव कोरोमो होतं. रेशमाच्या कोषांचा बाजार तिथे भरायचा, आणि कोरोमो या शब्दाचा अर्थच वस्त्र. रेशीम पडलं, १९३८ मध्ये मोटारींचा कारखाना आला आणि वीस वर्षांनी व्यापाऱ्यांनीच अर्ज केला, की नाव बदला. चिन्हं वाचायला अवघड आहेत, नागानोतल्या कोमोरोशी घोटाळा होतो, आणि गाव आता मोटारींवरच उभं आहे. विरोध बराच झाला, पण नाव बदललं. नकाशावर कोरोमो आता एका पेठेपुरतं उरलं आहे. ज्या शहराने आसुकेला पोटात घेतलं, त्याने आपलं नाव त्याआधी शेहेचाळीस वर्षं सोडलेलं होतं.

आजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “कोरोमोला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”

बस आली. मी त्यांना आधी चढू दिलं.